आठ फुटांच्या बारवर सहा स्टुलं बसतील का?

पत्र : तळघरात कायमस्वरूपी, भिंतीला धरून बांधलेला बार करायचा आहे. खोली आतून २२ फूट बाय १४ फूट. छत ८ फूट २ इंचांवर, पण मधोमध बीम आहे आणि त्याखाली ७ फूट ४ इंचच उरतात. १४ फुटांच्या भिंतीपुढे ८ फुटांचा काउंटर, त्याला सहा स्टुलं, मागे आरसा आणि बाटल्यांचे कप्पे असा विचार आहे. सिंक, फ्रिज आणि बर्फाचं मशीन हवं, जमल्यास बिअरचा नळही. घराचा सांडपाण्याचा मुख्य पाइप तळघराच्या भिंतीवरून, जमिनीपासून ४ फुटांवरून बाहेर जातो. पाऊस लागला की एका कोपऱ्यात कुबट वास येतो, पण पाणी कधी दिसलेलं नाही. घरात एक जुनी जाड लाकडी फळी आहे, ती काउंटरला वापरायची इच्छा आहे; सुतार तिला लाखेचं पॉलिश सुचवतो आणि महिन्याभरात सगळं होईल म्हणतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सहा नाही, चार. हात असलेली, फिरती स्टुलं घेणार असाल तर तीनच. बसलेल्या माणसाला काउंटरवर २४ इंच रुंदी लागते, हातवाल्या स्टुलाला २८ ते ३० इंच. आठ फूट म्हणजे ९६ इंच, त्यात दोन माणसं जास्तीची कोंबली तर कोपराला कोपर लागतं आणि टोकाचे दोघे पहिल्या अर्ध्या तासात उठून उभे राहतात. काउंटर एका टोकाला काटकोनात वळवून आखूड बाजू ४ फुटांची केली तर तिथे पाचवं स्टूल मावतं. कोपऱ्यापासून दोन्हीकडच्या पहिल्या स्टुलाचा मध्य किमान १२ इंच लांब ठेवा. सहावा माणूस एरवीही उभाच असतो, तो बहुधा तुम्हीच.

पण स्टुलांचा प्रश्न लांबीपेक्षा खोलीच्या आतल्या बाजूला जास्त नडतो. भिंतीपासून मोजत या. मागची कपाटं २४ इंच, कारण फ्रिज तेवढा खोल असतो. दोन काउंटरांमधली वाट ३६ इंच. ३० इंचांतही एकटा माणूस वावरतो, पण खाली वाकून फ्रिज उघडला की दुसऱ्याला मागून जाता येत नाही. पुढच्या काउंटरच्या आतल्या बाजूला पेले भरायला, लिंबू कापायला १६ इंच खोलीचा ओटा. मग पुढची आडभिंत ५ इंच, तिच्यावरून पाहुण्यांच्या बाजूला पुढे आलेली फळी ११ इंच, बसलेल्या माणसाला आणखी १८ इंच आणि त्याच्या पाठीमागून जायला ३० इंच. बेरीज १४० इंच, म्हणजे ११ फूट ८ इंच. तुमच्या २२ फुटांतले उरले १० फूट ४ इंच. तेवढ्यात सोफा आणि टीव्ही बसतो, पण टेबल टेनिसची आशा सोडा.

हे आकडे कागदावर पटत नाहीत. जमिनीवर चिकटपट्टीने सगळ्या रेषा आखा, काउंटरच्या जागी खोकी रचा, जेवणाच्या खुर्च्या मांडा आणि दोघा-तिघांनी एक संध्याकाळ त्यात वावरून बघा. फ्रिजचं दार म्हणून पुठ्ठा उघडून धरा. या पायरीवर बार चार इंच सरकवायला काहीच लागत नाही, नंतर जमीन फोडावी लागते.

बारचं एक टोक बाजूच्या भिंतीपासून ३६ इंच मोकळं ठेवा, आत शिरायची वाट तीच. बिजागरीवर वर उचलायची फळी दिसायला छान असते, पण दोन्ही हातांत ट्रे असताना ती उघडता येत नाही आणि अर्धवट उघडी राहिली तर बोटांवर पडते.

आधी ओल

आता मूळ मुद्द्याकडे. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आरशाचं किंवा फळीचं नाही, कुबट वासाचं आहे. ‘पाणी कधी दिसलेलं नाही’ म्हणजे ओल नाही असं होत नाही. काँक्रीटमधून ओलावा वाफेच्या रूपाने वर येतो, उघड्या जमिनीवर तो उडून जातो आणि म्हणून दिसत नाही. त्याच जागी कपाटं ठोकली की तो आत कोंडतो. मग सहा-आठ महिन्यांनी कपाटाच्या तळाचा प्लाय फुगतो, मागच्या फळीवर काळे ठिपके येतात आणि तो कुबट वास ग्लासांना लागतो.

तपासणी सोपी आहे. १८ इंच बाय १८ इंचांचे जाड प्लास्टिकचे तुकडे घ्या. एक त्या कोपऱ्यात, एक बारच्या जागी जमिनीवर आणि एक मागच्या भिंतीवर, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करून लावा. कमीत कमी १६ तास, शक्यतो दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब आले किंवा काँक्रीट काळपट झालं तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून येते आहे. वरच्या बाजूला थेंब आले तर ती खोलीच्या हवेतली दमट वाफ आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हा फरक आधी कळायला हवा. तपासणी कोरड्या हवेत करून समाधान मानू नका; चांगला आठवडाभर पाऊस पडल्यावर पुन्हा करा.

हवेतलाच दमटपणा असेल तर आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. ६०च्या वर सतत राहिला की बुरशीला रान मोकळं. ओलावा शोषणारं यंत्र बसवा आणि त्याची नळी थेट सांडपाण्यात सोडायची सोय करा, कारण रोज टाकी रिकामी करायचा उत्साह पंधरवड्यात संपतो. ओल भिंतीतून येत असेल तर उपाय बाहेरून सुरू होतो: पन्हाळीचं पाणी पायाजवळ पडतंय का, आणि घराभोवतीची जमीन भिंतीपासून लांब उतरते का ते बघा. पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार असावा. आतून जलरोधक रंग मारणं म्हणजे ओलीवर पांघरूण घालणं. बाहेरून पाण्याचा दाब असेल तर तो रंग फोड येऊन सुटतो.

ओल आटोक्यात आल्यावरही बांधणी तळघराचीच हवी. कपाटांचे प्लायचे खांब जमिनीला टेकवू नका, ४ इंचांचे प्लास्टिकचे पाय लावा आणि पुढून पट्टी अडकवा, ती ओढून काढता आली पाहिजे. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीपासून इंचभर लांब ठेवा. खालच्या पट्टीत आणि वर काउंटरच्या मागच्या कडेला जाळी सोडा, म्हणजे पाठीमागून हवा फिरेल. सांगाडा मरीन प्लायचा, १८ मिमी. जमिनीलगत एमडीएफ किंवा भुशाचा बोर्ड कुठेही नको, अगदी शोभेच्या पट्टीलाही. सुताराने ‘वरून लॅमिनेट आहे ना’ म्हटलं तरी ऐकू नका, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून.

सांडपाणी वर कसं चढवायचं

इथे घोडं पेंड खातं. सिंकचं भोक जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, त्याचा ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारा वाकडा पाइप) त्याहून खाली, आणि मुख्य पाइप ४ फुटांवर. एरवी सिंकचा पाइप दर फुटाला पाव इंच उताराने मुख्य पाइपला जोडला की काम संपतं. तुमच्याकडे पाणी आपण होऊन जाणार नाही, ते पंपाने उचलावं लागेल.

सिंकखाली बसणारा बंद पेटीचा सांडपाणी पंप मिळतो. पाणी पेटीत साचतं, ठरावीक पातळीला आतला स्विच पंप सुरू करतो. बसवताना या गोष्टी प्लंबरकडून स्वतः उभं राहून करून घ्या. पंपातून निघालेला पाइप आधी सरळ उभा वर जावा, हव्या त्या उंचीला पोचल्यावर मग आडवा वळावा आणि तिथून उताराने मुख्य पाइपकडे जावा. आधी आडवा आणि मग उभा नेला की पंप दमतो आणि आडव्या भागात गाळ बसतो. पंपाच्या तोंडाशी एकमार्गी झडप हवी, नाहीतर पंप थांबला की उभ्या पाइपातलं पाणी परत पेटीत येतं, पंप पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र चालूच राहतं. मुख्य पाइपला जोड वरच्या अंगाने, तिरक्या फाट्याने द्यावा. पेटीला हवेची नळी लागते. ती कपाटातच मोकळी सोडून दिली तर बारमध्ये गटाराचा वास येईल, ती घराच्या व्हेंट पाइपला, म्हणजे गटारातली हवा घराबाहेर सोडणाऱ्या पाइपला जोडायची. पंप किती उंच आणि किती लांब पाणी ढकलू शकतो याचा तक्ता सोबत येतो. प्रत्येक वळण त्यातून काही वजा करतं, म्हणून काठोकाठ क्षमतेचा पंप घेऊ नका.

बारच्या पंपाला मारतात ते लिंबाच्या बिया आणि पुदिन्याची पानं. बी एकमार्गी झडपेत अडकली की झडप बंद होत नाही. सिंकमध्ये बारीक जाळीची टोपली हवी, आणि पेटी उघडायला समोरून जागा हवी. तिच्यापुढे कायमचा कप्पा ठोकू नका. वीज गेली की पंप बंद, तेव्हा नळ उघडायचा नाही हे घरच्यांना सांगून ठेवा. पाणी वर चढलं की वाजणारी घंटा मिळते, ती पंपासोबतच घ्या. सिंकखाली कडा असलेला ट्रे आणि पाण्याचा बंद करायचा वेगळा व्हॉल्व्ह, हेही लगेच.

सिंक नकोच असा विचार करणार असाल तर आमचं मत: ठेवा. वरच्या मजल्यावर ग्लास नेऊन धुवायचे म्हणजे दोन-तीन वेळांनंतर लोक बार वापरायचं सोडतात. पण हौशी, वाटीएवढं सिंक घेऊ नका. मोठा जग नळाखाली उभा राहिला पाहिजे: किमान १५ इंच रुंद, ८ इंच खोल, आणि नळ उंच मानेचा. गरम पाणी आणलंत तर उत्तम, ग्लासांवरचा तेलकट थर गार पाण्याने जात नाही.

आणि हो, ट्रॅपमधलं पाणी वापर नसला की काही आठवड्यांत उडून जातं, मग त्या वाटेने दुर्गंधी वर येते. बार महिनाभर बंद असेल तर जाता-येता तांब्याभर पाणी सिंकमध्ये ओतत जा.

बर्फाचं मशीन आणि बिअरचा नळ

पारदर्शक बर्फ करणारं मशीन तुमच्या घरात घेऊ नका. त्याचा साठवणीचा डबा थंड केलेला नसतो, फक्त उष्णतारोधक असतो. त्यातला बर्फ हळूहळू वितळत राहतो, पाणी सतत निघतं आणि तुमचा पंप रात्री-अपरात्री घुरघुरत राहतो. शिवाय मशीन बारमाही चालू ठेवावं लागतं आणि क्षार साचले की आतून धुवावं लागतं. चार-सहा माणसांसाठी फ्रीझरचा एक खण आणि मोठ्या चौकोनी साच्यांची थाळी पुरते. उष्णतारोधक बादली ठेवली की पाहुण्यांसमोर फ्रीझर उघडावा लागत नाही.

बिअरच्या नळाचं गणित वेगळं. ५० लिटरचं भरलेलं पिंप ६० किलोंच्या वर जातं आणि ते तुमच्या जिन्यावरून खाली यायचं आहे. बिअर ३ ते ४ अंशांवर, दाब १० ते १२ पीएसआय, नळी साधारण दोन ते तीन मीटर लांब आणि आतून ५ मिमी. नळी आखूड ठेवली की नुसता फेस येतो. नळी दर दोन आठवड्यांनी खास द्रावणाने धुवावी लागते, नाहीतर आंबट वास धरते. पिंप दीड-दोन महिन्यांत संपवावं लागतं. तेवढी माणसं नियमाने येत असतील तरच हा पसारा करा.

करणारच असाल तर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरकडे हलक्यात बघू नका. सव्वादोन किलोंचा सिलिंडर गळून रिकामा झाला तर साधारण १.२ घनमीटर वायू होतो. तुमची खोली सुमारे ७० घनमीटरची, म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर हवेत पावणेदोन टक्के, आणि वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत, बारच्या मागच्या वाटेत त्याहून जास्त. कामाच्या जागी आठ तासांसाठी अर्धा टक्का ही मर्यादा मानतात. या वायूचा सूचक गुडघ्याच्या उंचीला लावा आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. तूर्त एवढं करा: फ्रिजशेजारी २४ इंचांचा एक गाळा आणि विजेचा एक पॉइंट मोकळा ठेवा. आज तिथे वाइनच्या पेट्या ठेवा, नळाची हौस टिकली तर पुढे बघता येईल.

आडभिंत हलू नये म्हणून

बार बांधताना सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथे. पुढची आडभिंत म्हणजे साडेतीन फूट उंच, वरून कशालाही न बांधलेली भिंत, आणि तिच्या वरच्या कडेवर माणसं रेलतात, स्टुलावरून उतरताना जोर देतात. तळाशी दोन स्क्रू मारून उभी केली तर महिन्याभरात डुगडुगायला लागते. वर दगडी फळी असेल तर सांधा तडकतो.

ती ताठ होते तीन गोष्टींनी. तळपट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची, तिच्याखाली ओलरोधक पट्टी, आणि दर दोन फुटांवर काँक्रीटमध्ये अँकर. भोकं पाडण्याआधी जमिनीखाली पाइप, तारा किंवा जलरोधक थर नाही ना याची खात्री करा. दुसरं, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना प्लाय गोंद आणि स्क्रूने लावायचा. नुसत्या खिळ्यांनी ती ताकद येत नाही. तिसरं आणि सगळ्यात गुणाचं, आतल्या ओट्याचा सांगाडा आडभिंतीलाच स्क्रूने बांधायचा. काटकोनात वळलेली ४ फुटांची आखूड बाजू हीसुद्धा टेकूचं काम करते. आम्ही ती सुचवण्यामागे पाचव्या स्टुलापेक्षा हे कारण मोठं आहे.

जमिनीवर जोडून अंथरायची विनाइल किंवा लाकडी फरशी करणार असाल तर बार आधी, थेट काँक्रीटवर बांधा आणि फरशी त्याच्या कडेपर्यंत आणून ८ ते १० मिमी फट ठेवा, वरून पट्टी. अशा तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवलेल्या फरशीवर बार बांधला की ती एका जागी दाबली जाते, ऋतू बदलला की दुसरीकडे सांधे उघडतात किंवा ती उचकटते. चिकटवलेल्या टाइल्सना ही अडचण नाही.

सुताराच्या हातात द्यायची मापं अशी:

- पाहुण्यांच्या बाजूची फळी जमिनीपासून ४२ इंच, आतला ओटा आणि मागचा काउंटर ३६ इंच. मापं पक्क्या फरशीपासून धरायची, उघड्या काँक्रीटपासून नव्हे.
- आडभिंतीची उंची ४०.५ इंच, वर दीड इंच जाडीची फळी. फळीची रुंदी १८ इंच: आत २, भिंतीवर ५, बाहेर ११.
- स्टुलाची बैठक २८ ते ३० इंच. बैठक आणि फळीच्या खालच्या बाजूत किमान १० इंच.
- पाय ठेवायची दांडी जमिनीपासून ७ ते ९ इंच, २ इंच व्यासाची. आधार दर तीन फुटांवर, आणि त्यांचे स्क्रू जिथे लागतील तिथे आडभिंतीत आतून लाकूड भरून ठेवायचं.
- बाहेर आलेल्या ११ इंचांखाली लोखंडी कंस दर अडीच-तीन फुटांवर, पण स्टुलाच्या मध्यावर नको, गुडघे आपटतात.

स्टुलं आधी विकत घ्या आणि मग फळीची उंची ठरवा, उलट करू नका. बाजारात ‘काउंटर’ आणि ‘बार’ अशा दोन उंचींची स्टुलं मिळतात; २४-२६ इंचांची घेतलीत तर फळी पाहुण्यांच्या छातीशी येईल.

ती जुनी फळी

वापरा, पण लाखेचं पॉलिश मुळीच नको. लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात, म्हणजे सांडलेली व्हिस्की तिला पुन्हा विरघळवते. पहिल्याच रात्री ग्लासांच्या पांढऱ्या कड्या उमटतील. दोन घटकांचं पॉलियुरेथेन म्हणजे पीयू पॉलिश लावा, तीन-चार हात, प्रत्येक हातामध्ये बारीक कागदाने घासून. इपॉक्सीचा काचेसारखा जाड थरही चालतो, पण तो तळघराच्या हवेत हट्टी असतो. खोली २१ ते २४ अंशांवर आणि हवा कोरडी नसेल तर थर ढगाळ होतो. आधी पातळ हात देऊन लाकडाची छिद्रं बंद केली नाहीत तर बुडबुडे वर येत राहतात. शिवाय गरम भांडं ठेवलं की त्यावर ठसा उमटतो.

फळी तळघरात आणून, खाली पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे नुसती पडू द्या. तिथल्या हवेशी ती जुळली की मगच रंधा. पॉलिश वरून आणि खालून सारख्याच हातांनी लावा; फक्त वरून लावलं की खालची बाजू ओलावा ओढते आणि फळी वाकते. आडभिंतीला बसवताना स्क्रूची भोकं लांबट ठेवा, कारण लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं आणि गच्च आवळलेली फळी मधोमध चिरते. आखूड बाजूच्या कोपऱ्याचा सांधा खालून बोल्टने ओढून घ्यायचा, नुसत्या गोंदावर सोडायचा नाही.

त्याहून आधी एक काम करा. ८ फुटांची एक हलकी पट्टी घेऊन जिन्यावरून खाली नेऊन बघा. वळणावर अडकली तर अखंड फळी खाली जाणार नाही. मागच्या काउंटरला दगड घेणार असाल तर त्यालाही हेच लागू, आणि फ्रिजला खोक्यासकट. मागच्या काउंटरला ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ चांगला. संगमरवर नको, लिंबाचा रस त्यावर मिनिटांत खरखरीत डाग पाडतो.

फ्रिज, वीज, दिवे

कपाटात बसवायचा फ्रिज पुढून हवा सोडणारा घ्या. मोकळ्यात ठेवायचा साधा फ्रिज कपाटात कोंबला की मागची उष्णता अडकते, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बिअर कोमटच राहते. पाटीवर हवामानाचा वर्गही बघा: एसएन १० ते ३२ अंश, एन १६ ते ३२, एसटी १६ ते ३८, टी १६ ते ४३. तळघर थंडीत १२ अंशांवर जात असेल तर एसएनच हवा.

फ्रिजला स्वतंत्र सर्किट, पंपाला स्वतंत्र. सिंकजवळच्या सॉकेटना गळती ओळखून वीज तोडणारं संरक्षण लागतंच. विजेच्या मुख्य पेटीपुढे तीन फूट जागा मोकळी असावी, आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह किंवा सांडपाण्याच्या पाइपचं सफाईचं झाकण कपाटामागे गाडलं जाणार नाही हे आराखड्यातच बघा. ही कामं परवानाधारकाकडूनच करून घ्या, आणि भिंती बंद करण्याआधी उघड्या तारा-पाइपांचे फोटो, मोजपट्टी धरून, काढून ठेवा.

बारवर लोंबते दिवे तुमच्याकडे जमणार नाहीत. दिव्याचं तळ काउंटरपासून अडीच फुटांवर धरलं तरी जमिनीपासून ६ फुटांवर येतं आणि ते नेमकं उभ्या माणसाच्या डोळ्यांत जातं. छतात बसणारे दिवे घ्या, २७०० केल्व्हिनचे, मंद करता येणारे. कप्प्यांखालच्या एलईडी पट्ट्या दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम खोबणीत बसवा. उघड्या पट्टीचे ठिपके आरशात आणि पॉलिश केलेल्या दगडात मोत्यांच्या माळेसारखे दिसतात. पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, आणि तो हात पोचेल अशा हवेशीर जागी ठेवा.

कप्पे आणि आरसा

मागचा काउंटर ३६ इंचांवर, त्यावर १८ इंच काम करायला मोकळे, म्हणजे पहिला कप्पा ५४ इंचांवर. बहुतेक बाटल्या १२ ते १३ इंच उंच, काही उंच मानेच्या. दोन कप्प्यांमध्ये १५ इंच सोडा. दोनच कप्पे करा. तिसऱ्याला छत पुरलं तरी हात पुरत नाही. भरलेली ७५० मिलीची बाटली सव्वा ते दीड किलोची. मीटरभर कप्प्यावर दोन रांगांत वीसहून जास्त बाटल्या राहतात, म्हणजे ३० किलो तरी झाले. १८ मिमीचा प्लाय तीन फुटांच्या गाळ्यावर वर्षभरात पोट काढतो. गाळा दोन ते सव्वादोन फुटांचा ठेवा, किंवा पुढच्या कडेला दीड इंच उंचीची भरीव लाकडी पट्टी गोंदाने लावा. काच घ्यायची तर १० मिमी, टफन केलेली. कडक दारूच्या बाटल्या उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या की अल्कोहोल बूच खातं. बुचाची वाइन मात्र आडवी. घरात मुलं असतील तर एक खालचं कपाट कुलपाचं करून घ्या, वरचे उघडे कप्पे रिकाम्या, सुंदर बाटल्यांना द्या.

आरशाची पाठ ओलीला सगळ्यात नाजूक. बाहेरच्या भिंतीवर थेट चिकटवला की कडेपासून काळा पडत जातो. मागे प्लायची पाठ द्या, त्याआड हवेची फट असू द्या आणि आरसा पट्टीत किंवा क्लिपांत बसवा. चिकटवायचाच असेल तर आंबूस वास येणारं साधं सिलिकोन वापरू नका, त्यातलं ॲसिटिक ॲसिड चंदेरी थर खातं. न्यूट्रल प्रकारचं मागून घ्या.

राहिला सुताराचा महिना. तो सुतारकामाचा म्हणून खरा असेलही. पण त्याआधी पावसातली ओल तपासणी, गरज पडल्यास बाहेरची दुरुस्ती, मग पंप आणि पाइप, मग तारा, आणि पाइपात एक दिवस पाणी सोडून गळती तपासणं एवढं व्हायचं आहे. कपाटं त्यानंतर. मागच्या काउंटरच्या दगडाचं माप आराखड्यावरून देऊ नका. कपाटं जागेवर बसली, पाणसळीत आली, की प्लायच्या पट्ट्यांचा साचा करून त्यावरून दगड कापायला द्या. तळघराच्या भिंती क्वचितच गुनियात असतात, ८ फुटांत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. तेव्हा सुताराला आता फक्त मापं घ्यायला बोलवा, उचल नंतर द्या.